जाऊबाईंचा दुखरा दंड

पेडणे, मंगळवार, दिवेलागण झाल्यावर

आज जाऊबाई आल्या त्या दंड धरूनच. लेकीने म्हापशाला नेऊन त्यांना नागिणीची लस टोचून आणली. "हात वर होत नाही गो!" पण चहात पाव बुडवायला तोच हात बरा चालला. लेकीने रजा काढली, हे तीनदा सांगून झालं.

मी म्हटलं, "मला नको बाई. आमच्याकडे पाला लावला की नागीण जायची."

खोटंच. सासूबाईंची नागीण मीच निस्तरली. अंगाला लुगडं लागलं तरी कळवळायच्या. लस मला हवी आहे, पण त्याहून तो दुखरा दंड हवा आहे. जळते मी, दुसरं काय!

माझा मुलगा मुरगावला बंदरात. फोनवर विचारतो, तर मी आपली "बरी आहे" म्हणते. मग त्याला कळावं कसं?

शेवटी लाज सोडून फोन केला. "मला लस घ्यायची आहे. तूच ये न्यायला."

तो म्हणाला, "आई, पहिल्यांदाच बोलावतेस गो. शनिवारी येतो."

ही लस दोनदा घ्यावी लागते, हे मुद्दामच सांगितलं नाही. आधी एकदा येऊ दे.