वळणावर गाडी सुटते

३ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७.३०

आजपासून नोंदी ठेवणार. पाइप कंपनीनं दिलेली डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती, तिचं सोनं होऊ दे.

कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमच्या लीगची दुसरी रेस. बारा गाड्यांत अकरावा. बाराव्याच्या घरची लाईट गेली होती.

कारण स्पष्ट आहे. गाडीच्या टायर-सस्पेन्शनची जुळणी, म्हणजे सेटअप. वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागची बाजू सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. ड्रायव्हिंगमध्ये दोष नाही. रीप्ले तीनदा बघितला, तिन्ही वेळा नव्हता.

निश्चय: ७ सप्टेंबरच्या फायनलपर्यंत परफेक्ट सेटअप. रोज एकच गोष्ट बदलायची, बाकीच्याला हात लावायचा नाही.

त्रिशला पंचमीला माहेरी गेलीय, कुंडलला. पंचमी मंगळवारी झाली. येईल.

५ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी ३

आज सात गोष्टी बदलल्या. टायरची हवा कमी, मागचं सस्पेन्शन मऊ, मागचा विंग वर, चाकांचा तिरपेपणा, आणि आणखी तीन, त्या लिहायच्या राहिल्या. गाडी आता सरळ रस्त्यावर पण फिरते. म्हणजे कुठल्या तरी एकानं फरक पडलाय. प्रगती आहे.

पाइप-पंपाच्या दुकानात त्रास. बुधगावचे एक आप्पा फूट व्हॉल्व्ह न्यायला आले. आधी विचारलं, वैनी कुठं हाईत? म्हटलं, मी आहे की. ते म्हणाले, व्हय, पण वैनी कुठं हाईत? व्हॉल्व्ह दिला. दुपारी परत घेऊन आले, माप चुकलं होतं. दुकान माझं, पाटी माझ्या नावाची, धरणेंद्र चौगुले, आणि लोकांना वैनी पाहिजे. सहा वर्षांत तिनं गिऱ्हाइकं बिघडवून ठेवलीत.

१० ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७

दहावा. दोघे गैरहजर होते.

पहिले आले खंडाळ्याचे सुभेदार नाथाजी. फौजेतून रिटायर, वय पंचावन्न. हा माणूस सेटअपच करत नाही! गेममध्ये गाडी जशी मिळते तशी पळवतो. रेसनंतर माईकवर मला म्हणाले, चौगुले, गाडीत काय न्हाई रं गड्या, तू ब्रेक लय उशिरा मारतोस. मी नम्रपणे सांगितलं की माझं ब्रेक बॅलन्स पुढं छप्पन्न टक्के आहे. ते म्हणाले, आसंल बाबा. अज्ञानाला वय नसतं.

आई जेवायला हाका मारत होती. आम्हा जैनांत दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, आणि लीग नेमकी सहाला. आई ताटावर बसून राहिली. शेवटी ती पण जेवली नाही. याला मी काय करणार? वेळ ग्रुपनं ठरवलीय.

१२ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ९

आईनं सकाळी सकाळी विषय काढला, म्हणून एकदा स्वच्छ लिहून ठेवतो. झालं ते असं.

सासऱ्यांचं, म्हणजे आण्णांचं, हर्नियाचं ऑपरेशन मिरजेत झालं. २७ जुलैला रविवारी चार वाजता डिस्चार्ज. मी गाडी घेऊन जाणार होतो. पण त्याच दिवशी लीगची पहिली रेस, आणि चारला क्वालिफाइंग, म्हणजे सुरुवातीचा नंबर ठरवणारी फेरी. मी फोन करून सांगितलं की गाडी चालू होईना. ते लोक एसटीनं गेले. टाके होते, पण बसायला जागा मिळाली होती म्हणे. पलूसपर्यंत उभं राहावं लागलं ते त्रिशलाला.

दुसऱ्या दिवशी ती कपडे न्यायला आली. आईनं भाबडेपणानं सांगितलं की गाडी तर काल सकाळी मंदिरात जाऊन आली. त्रिशलानं स्टिअरिंग-पेडलं लावलेल्या माझ्या गेमच्या खुर्चीकडं बघितलं आणि बॅग उचलली.

हा गैरसमज आहे. गाडी नंतर बंद पडली नसेल कशावरून?

आईचं म्हणणं: आरं, हितं बसून मोटारी फिरवण्यापरीस एकदा कुंडलला फिरव की. आण्णांच्या म्होरं हात जोड, माझं चुकलं म्हण, आणि घिऊन ये तिला. मी म्हटलं, बघतो. आधी मागचा विंग.

१७ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७.१५

सेटअप नंबर अठरा. नववा. झेप!

पण पाचव्या वळणावर सुटलीच. नाथाजी पुन्हा तेच: लौकर ब्रेक मार, मग वळ, मग दाब. जसं काही मला माहीत नाही. चूक मान्य करायला माझी ना नाही, पण आधी चूक असायला पाहिजे ना?

घरात शांतता आहे. एकाग्रतेला चांगली. आज तासभर नुसता स्क्रीनकडं बघत बसलो, गाडी पिटमध्येच उभी. मन लागत नव्हतं. उकाडा फार.

२४ ऑगस्ट, रविवार. रात्री ८

आज कुंडलला जाऊन येणार होतो. जवळजवळ आलोच जाऊन.

शास्त्रशुद्ध तयारी केली. गेममध्ये हवा कमी केली की टायरची पकड वाढते, म्हणून खऱ्या गाडीची हवा बत्तीसची अठरावर आणली. पेट्रोल पंपावरचा माणूस दोनदा विचारत होता, अठरा? नक्की अठरा? मागं वजन पाहिजे म्हणून डिकीत दुकानातले दोन सबमर्सिबल पंप ठेवले. दोनला निघालो. गाडी झोपाळ्यासारखी चालत होती. आण्णांना काय म्हणायचं याची वाक्यं मनात जुळवत होतो. पहिलं वाक्य होतं, त्या दिवशी एकंदर परिस्थिती अशी होती की.

पलूसच्या पुढं मागचं टायर गेलं. कडेच्या उसात घुसता घुसता वाचलो.

मेव्हण्याला, धवलला फोन केला. पंधरा मिनिटांत बुलेटवर आला. स्टेपनी काढायची तर डिकीतले पंप आधी बाहेर काढायला लागतात. त्यानं एक पंप काढून रस्त्यावर ठेवला. माझ्याकडं बघितलं. दुसरा काढला. पुन्हा बघितलं. पोरगं गुणी आहे, काही विचारलं नाही. टायर बदललं, हात पुसले आणि म्हणाला, दाजी, घर पाच किलोमीटर हाय. चला की. आक्कानं सकाळी पोळ्या केल्यात, तुमी येतो म्हणून फोन केलाता ते आमच्या आईनं सांगितलंतं तिला.

पावणेपाच झाले होते. सहाला रेस.

मी त्याला समजावलं की स्टेपनीवर जास्त चालवणं धोक्याचं, परत फिरलेलं बरं. तो म्हणाला, दाजी, सांगली पस्तीस हाय आणि घर पाच. मग जाता जाता सांगून ठेवलं: आठ तारखेला क्षमावाणी, सगळी एकमेकांची क्षमा मागत्यात, आक्का तवर वाट बघतीय. दुसरं काय मागत न्हाई ती, आण्णांच्या म्होरं तेवढं तोंडानं म्हणा. न्हाईतर नऊ तारखेपासनं पलूसच्या शाळेत नोकरी धरतीय, मग हितंच ऱ्हाणार.

आठवा आलो. करिअर बेस्ट. कुणाला सांगावं कळेना, शेवटी आईला सांगितलं. ती म्हणाली, आठवा म्हंजी सात जणांच्या मागं, व्हय रं?

२८ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ६.३०

पर्युषण सुरू. आईचा दहा दिवस एकभुक्त. आज दहा धर्मांतला पहिला, उत्तम क्षमा. मंदिरात पंडितजी बोलले की क्षमा मागायला दोन गोष्टी लागतात, पाय आणि तोंड. पायांनी समोर जायचं आणि तोंडानं म्हणायचं. आईनं मला कोपरानं ढोसलं. मी मान डोलावली. चांगलं बोलतात.

मी पण व्रत घेतलं. दहा दिवस गेम बंद! आई एवढी खूश झाली की डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

२८ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी ४

व्रतात रेस बंद आहे. सेटअप म्हणजे रेस नव्हे. सेटअप हा एक प्रकारे स्वाध्यायच.

३१ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ६.४५

सेटअप सव्वीस. तो बरोबर आहे की नाही हे पळवल्याशिवाय कळणार कसं? म्हणून आजची रेस चाचणी म्हणून पळवली. दहावा. चाचणीत नंबर धरत नाहीत.

आई मंदिरातून लवकर आली. दारात उभी राहून बघत होती, मला उशिरा दिसली. पाणी पिऊन आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. जेवण गेलं नाही.

निश्चय: आठ तारखेला सकाळी सातला कुंडल. फायनल सात तारखेला आहे, तोपर्यंत डोकं मोकळं होईल. समोर जायचं आणि म्हणायचं. दोन शब्द तर आहेत.

४ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी २

खुर्चीवर बसून म्हणून बघितलं. माझं. मग थांबलो. पुढं आपोआप, तसं बघायला गेलं तर, असं येतंय. सरावाचा प्रश्न आहे.

७ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ७.१०

फायनल. सेटअप नंबर एकतीस. पहिल्याच वळणावर मी सुभेदारांच्या गाडीला मागून ठोकलं. ते तरीही पहिले आले. मी बारावा. आज सगळे हजर होते.

रेस संपल्या संपल्या मी चॅटवर लिहिलं, सॉरी नाथाजी, माझं चुकलं. त्यांनी लिहिलं, व्हतंय गड्या, विषय संपला. छान वाटलं. माणसानं मोकळं असावं.

आता उद्याची तयारी.

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७

क्षमावाणी. आई नवं लुगडं नेसून पायरीवर बसलीय.

निघायच्या आधी सगळ्यांना मेसेज गेलेले बरे, लोक सकाळीच बघतात. गेल्या वर्षीचं कार्ड सापडलं. निळं आकाश, जोडलेले हात, ‘आमच्याकडून कळत-नकळत काही चुकलं असल्यास उत्तम क्षमा’. सुरेख आहे. वर्ष बदललं. दोनशे चौदा जणांची यादी. आण्णा, धवल, त्रिशला, तिघं यादीत आहेतच, त्यांनाही गेलं.

सकाळी ८.२०

उत्तरं येतायत. प्रत्येकाला हात जोडणारं चित्र परत पाठवायला लागतं, नाहीतर वाईट दिसतं. आईला म्हटलं, दहा मिनिटं.

सकाळी १०

आई एसटीनं गेली. मी म्हटलं होतं, थांब. आणि विचार केला तर, मेसेज तिघांनाही पोचलाय, दोन निळ्या खुणा आल्यात. म्हणजे क्षमा मागून झाली. आता समोर जाऊन परत तेच म्हणणं अवघडल्यासारखं होईल. त्यांनाच. संध्याकाळी जावं. किंवा त्यांच्या उत्तराचा सूर बघून.

संध्याकाळी ६

आई परत आली. एकटी. आज तिनं जेवण तिकडंच केलं.

मी विचारलं, मेसेज बघितला का त्रिशलानं? आईनं चप्पल काढली. मग बोलली. त्रिशला सकाळपासनं सोप्यात बसून हुती. आण्णांना नवा सदरा घालून खुर्चीत बसिवलंतं. रस्त्यावर गाडी वाजली की उठून बघायची. सातच्या सुमाराला फोन वाजला, तेवढं बघितलं, तरी दुपारपातूर उठली न्हाई. मग आण्णाच म्हणाले, बाळ, आत ये आता.

मी म्हटलं, पण मी क्षमा मागितली होती की! आई म्हणाली, कुणी? खाली नाव वाच.

फोन काढला. कार्डाच्या खाली, सोनेरी अक्षरांत, गेल्या वर्षीचंच होतं. ‘धरणेंद्र व त्रिशला चौगुले, सांगली’.

तिची क्षमा मी तिच्याच सहीनं मागितली होती. दोनशे चौदा लोकांत एकालाही दिसलं नाही, मलाही नाही. तिला पहिल्यांदा तेच दिसलं असणार. लाज वाटली. आईसमोर तोंडातून निघून गेलं, आई, माझं चुकलं गं. आई म्हणाली, मला कशाला सांगतूस? ती उद्या सकाळी साडेनवाला शाळेत रुजू व्हतीय.

संध्याकाळी ६.४०

त्रिशलाचा मेसेज. सव्वा महिन्यात पहिला.

‘क्षमा आहे. राग नाही. फक्त कार्डावरनं माझं नाव काढा.’

मी फोन लावला. तिनं उचलला नाही. परत लावला. मग सांगितल्याप्रमाणे कार्ड उघडून तिचं नाव काढलं. अर्धं मिनिट लागलं. डावीकडं माझं नाव आणि पुढं नुसतं आकाश, म्हणून माझं नाव ओढून मध्यभागी आणलं. थोडं मोठं केलं. थोडं लहान केलं. खाली घेतलं.

कसंही ठेवलं तरी बरं दिसत नाही.