टाकीतली लाल बुळबुळ

मंगळवार, संध्याकाळ. बाळकुम.

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या नव्या टाकीत वाळूवर पुन्हा शेवाळासारखी लाल बुळबुळ. लेक साई कोचीला मत्स्यालयात नोकरीला गेली, तेव्हा मी हौसेने आणलेली टाकी. आधी फोन फक्त रविवारी यायचा. बुळबुळ आल्यापासून रोज. "बाबा, लाईट कमी ठेवा, खाणं चिमूटभरच, उरलं की बुळबुळ वाढते." मी हो म्हणतो. तिच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, म्हणजे घरचं जेवते.

गेल्या आठवड्यात वाळू लख्ख झाली. चार दिवस फोन नाही. मग मीच मूठभर खाणं टाकलं. मासे बिचारे... चुकलंच ना माझं?

आज तिने विचारलं, "बाबा, खरं सांगा, खाणं किती टाकता?" मी विचारलं, "कुकर झाला का?" ती हसली. "बरं, उद्या बघू."

टाकीची लाईट बंद करायला उठलो आणि ती चालूच ठेवून पुन्हा बसलो. उद्या म्हणाली ना.