अर्धी छाती

मंगळवार, ४ नोव्हेंबर

फरीदाबादच्या हॉस्पिटलमधून डॉ. प्रणितांचा फोन. "नीरजा, तुमच्या सिस्टिममध्ये जुना एक्स-रे उघडला. वरची अर्धी छाती दिसते, खाली सगळं करडं." मी आणखी काही उघडले. तेही तसेच.

कारण लगेच कळलं. स्कॅन केलेले एक्स-रे डेटाबेसमध्ये भरणारी पायथन स्क्रिप्ट माझी. ते ज्यात साठतात ते टेबल मात्र इंद्रजितने, आमच्या मॅनेजरने बनवलेलं. चित्रासाठी त्याने साधा ब्लॉब रकाना ठेवला. त्यात चौसष्ट केबी मावतात. एक्स-रे त्याच्या दुप्पट. जुलैतच सांगितलं होतं — एरर येतेय, रकाना मोठा कर, लाँगब्लॉब कर. "यार, परवा डेमो आहे," म्हणाला. संध्याकाळी म्हणाला, "हो गया." आज बघते तर रकाना तोच, फक्त एरर बंद केलेली! डेटाबेस मावेल तेवढं घेत गेला, उरलेलं टाकून देत गेला. कुणाला पत्ता नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मूळ फायली उडवल्यात. सर्व्हरवर जागा हवी म्हणून, इंद्रजितच्याच हुकमाने. बॅकअप आहे, पण डेटाबेसचाच. म्हणजे अर्ध्या छात्यांचा बॅकअप.

इंद्रजित कॉफी ढवळत म्हणतो, "लिहून टाक, फायली हॉस्पिटलकडूनच खराब आल्या." मी नाही म्हटलं. "सोच लो, नीरजा."

घरी साकेतही तेच. "नोकरी जाईल, जरा सबुरीने घे." नवऱ्याने तरी माझी बाजू घ्यावी! जेवले नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

प्रणितांना घाई का, ते आज कळलं. अशोक देवधर म्हणून त्यांचे एक पेशंट आहेत. उजव्या फुप्फुसात खाली डाग दिसलाय. दोन वर्षांपूर्वीच्या एक्स-रेमध्येही तो असेल, तर जुना व्रण म्हणून सोडून देता येईल. नाहीतर छातीत सुई घालून तुकडा तपासायला काढायचा. "मला फक्त खालचा भाग बघायचा होता गं."

नेमका खालचाच.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

इंद्रजितने हॉस्पिटलला मेल पाठवली, फायली तुमच्याकडूनच खराब आल्या अशी. खाली नाव माझं! न विचारता! बॅग उचलली, मेट्रो पकडली, थेट फरीदाबाद. प्रणितांना सगळं सांगितलं.

देवधर नवराबायको बाहेरच बसले होते. त्यांनाही सांगितलं. मी मराठीत बोलले म्हणून त्यांनी जवळ बसवून घेतलं, तेच मनाला जास्त लागलं. कुमुदिनीकाकू म्हणाल्या, "तेव्हा एक्स-रेची फिल्म दिली होती की आपल्याला."

"टाकली असशील," काका म्हणाले.

"मी काही टाकत नाही. घरातच असणार."

फिल्म! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

काकूंचा फोन. सापडली, कपाटाच्या मागे. सोमवारी प्रणितांना दाखवणार. इंद्रजितचा मेसेज — सोमवारी एचआरला भेट. भेटेन. एकूण एक गोष्ट सांगेन. आज पोटभर जेवले.

सोमवार, १० नोव्हेंबर

एचआरच्या दाराशी बसले होते, तेव्हा प्रणितांचा फोन आला. फिल्म अख्खी आहे, खालपर्यंत स्पष्ट.

त्यात डाग नाही. डाग नवा आहे.