मुलगा कोणत्यातला?

अल हैल, मस्कत

ती. अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता). नवं तेल लागू पडलं का? आम्ही इकडे उन्हात भाजून निघालो तरी मजेत आहोत.

माझ्या सावनीचं लग्न ठरल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा आनंद राहिला बाजूला, तू एकच विचारलंस, "मुलगा कोणत्यातला?" हे कळल्याशिवाय मस्कतला पाऊल ठेवणार नाही म्हणालीस आणि फोन ठेवलास. साखरपुडाही तुझ्याविना झाला. अक्का, गद्र्यांच्या घरात प्रश्नाला पाठ दाखवायची रीत नाही. उत्तर देतो, आणि ताठ मानेनं देतो. मुलगा नॉर्वेचा, हाल्वोर व्हीक. सोहारच्या कारखान्यात सावनीच्या हाताखाली काम करतो (हो, हाताखाली! हे वाक्य शेजारपाजाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखव).

त्याचे पूर्वज म्हणजे जगानं ज्यांना व्हायकिंग म्हटलं ते. पण ही जात नव्हे! त्यांच्या जुन्या भाषेत नावा काढून मोहिमेवर जाण्याला तसा शब्द होता. घरी येऊन नांगर धरला की व्हायकिंगपण संपलं. कामाचं नाव लोकांनी कुळाला चिकटवलं. फ्रान्सकडच्यांनी त्यांना नुसतं 'उत्तरेकडचे' म्हटलं. पूर्वेच्या नद्यांत शिरले ते 'रुस', बहुधा वल्हेकरी (एवढ्या थोरल्या रशियाचं नाव त्या वल्ह्यावरून आलं म्हणतात!). स्पेनमधल्या अरबांनी तर त्यांना 'मजूस', म्हणजे अग्निपूजक ठरवून टाकलं. बिचाऱ्यांचा अग्नीशी संबंध शेकण्यापुरता! दारात आलेल्याला ज्यानं त्यानं आपल्या सोयीचं नाव दिलं. आपण दुसरं काय करतो? आणि काही विद्वान म्हणतात, 'व्हीक' म्हणजे खाडी, त्यावरून व्हायकिंग. म्हणजे कोण? खाडीकर! अक्का, आपली सावनी खाडीकरांच्या घरी चालली आहे!

हे सगळं मी साखरपुड्यात उभं राहून, मराठीत आणि इंग्रजीत, सांगितलं. ओवाळायला घेतलेलं निरांजन तुझ्या भावजयीच्या, सुचित्राच्या हातात दोनदा विझलं (माझ्याकडे पाहून ती स्वतः मात्र पेटत चालली होती). सावनी कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, खलास! पुरे करा ना, प्लीज." खाडीचा मुद्दा आला तसे आपले शेजारी रशीदभाई, मूळचे जयगडच्या खाडीवरचे, मागून ओरडले, "मग हा तुमच्यातला कसला, आमच्यातलाच की!" हॉल असा हसला की मला बसावं लागलं. पण बसलो तो छाती काढूनच.

तुझा,
कृष्णकांत

ता. क. जावईबापूंना हौसेनं होडीतून समुद्रावर नेलं. किनारा दिसत असतानाच त्यांना उलट्या सुरू झाल्या. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या बटाट्याची शेती आहे म्हणे.

आणखी एक ता. क. हशा ओसरल्यावर व्याही उठले आणि फार आदरानं त्यांनी विचारलं, "आणि गद्रे म्हणजे काय? हे नाव तुम्हाला कुणी दिलं?" अक्का, सगळ्या जगाची नावं उलगडणारा तुझा भाऊ पाण्याचा ग्लास शोधू लागला. सावनी हळूच म्हणाली, "बाबा, आपण कोणत्यातले?" शेवटी मी ठणकावून सांगितलं, की हे आमच्या घरात फक्त माझ्या थोरल्या बहिणीला ठाऊक आहे आणि ती लग्नात सर्वांसमोर सांगेल. व्याही वाट पाहताहेत. विमानतळावर तुझ्यासाठी चाकांची खुर्ची सांगून ठेवली आहे. ये. आणि तुलाही ठाऊक नसेल, तर निघण्यापूर्वी कुणाला तरी विचारून ये.