पिकअपमधला ळ

बाई, मागच्या आठवड्यात मी रोज सकाळी माझ्या पिकअपमध्ये बसून तुमची नदीची कविता म्हणत होतो. सातवीतली. इंजिन चालू, गाडी जागेवर, आणि मी समोरच्या काचेकडे बघून मोठ्याने कविता म्हणतोय. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत असं काही घडलं की लोक बघून न बघितल्यासारखं करतात, पण पेपरवाल्याने न राहवून विचारलंच, "काका, देवाचं काही आहे का?" मी म्हटलं, "नाही, मायक्रोफोनचं आहे." त्याने मान हलवली आणि पेपर माझ्या हातात न देता बाकावर ठेवून गेला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की हा काय प्रकार आहे ते पहिल्यापासूनच सांगायला हवं.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी एक जुनी डिझेल पिकअप घेतली. कात्रजच्या बाजूला एक नर्सरी आहे, तिथून कुंड्या भरायच्या आणि शहरात ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्या, हे माझं काम. मागे झाडं डोलत असतात आणि पुढे मला कविता आठवत असतात. असे दिवस मला आयुष्यात फार उशिरा मिळाले, म्हणून मी ते सोडायला तयार नाही. गाडी मात्र भयंकर आवाजाची. दारं खडखडतात, काच थरथरते, इंजिन तर मांडीवर घेऊन बसल्यासारखं वाटतं. नऊ-दहा दिवसांपूर्वी कात्रजच्या उतारावर फोन वाजला. गिऱ्हाईक पत्ता सांगत होतं, मला कळेना, म्हणून मी फोन कानाशी दाबून धरला आणि पुढची स्कूटर थांबलेली मला उशिरा दिसली. ब्रेक लागला. मध्ये हातभर अंतर राहिलं. स्कूटरवरची मुलगी मागे वळून नुसती बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, बायकोने आमच्या मुलीला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी दारात उभी. तिचा आवाज कधी चढत नाही, तुमचाही चढत नसे. "बाबा, फोनला हात न लावता बोलता आलं पाहिजे," ती म्हणाली. "येत्या रविवारी तुम्ही गाडीत असताना मी फोन करणार. तुमचं मला आणि माझं तुम्हाला नीट ऐकू आलं, तर गाडी तुमची. नाहीतर किल्ली माझ्याकडे."

मी त्याच दिवशी त्यासाठीचं किट गाडीत बसवून घेतलं. एक छोटासा मायक्रोफोन, एक स्पीकर आणि वायरींचा गुंता. दुकानदाराने मायक्रोफोन दाराच्या बाजूला चिकटवला, वायरी कशाबशा खोचल्या आणि हात पुसले. इंजिन चालू करून बायकोला पहिला फोन लावला. घरात गेल्यावर ती म्हणाली, "तुमचं सगळं ऐकू आलं, समजलं काही नाही. नेहमीसारखंच." परत दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणतो, "काका, वस्तू उत्तम आहे. तुम्ही गाडीत पिठाची गिरणी चालवता, त्याला मी काय करणार?" मी म्हटलं, "ठीक आहे. गिरणीचं मी बघतो." उभा जन्म कारखान्यात वायरींशी गेला माझा, बाई. असं बोलणं ऐकून घरी बसणाऱ्यातला मी नाही.

तेव्हापासून रोज सकाळी बायको मागच्या स्वयंपाकघरात फोन, कागद आणि पेन्सिल घेऊन बसायची, मी खाली गाडीत. मी कविता म्हणायची, आणि जो शब्द तिला कळणार नाही त्यावर तिने खूण करायची. ही रीत तुमचीच.

खडकीची आपली शाळा रुळांच्या इतकी जवळ की लोकल गेली की खिडक्या वाजतात. त्यात कारखान्याचा भोंगा. तुम्ही शेवटच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसलेल्या आहात, हातात पेन्सिल. फळ्यापुढे उभं राहून कविता म्हणायची, आणि जिथे अक्षर हरवेल तिथे तुमची पेन्सिल वर. माझ्या वेळी ती खाली आलीच नाही. आम्ही नुकते विदर्भातून आलो होतो, वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले होते, आणि मी पाण्याला पानी म्हणायचो, डोळ्यांना डोये. "डोये नव्हेत, डोळे," तुम्ही न वळता म्हणालात. "आईने दोनच दिलेत, जपून वापर." वर्ग हसला. मी घरी गेलो आणि आईशी बोलेनासा झालो, कारण तीही तसंच बोलायची. हे तुम्हाला कोणी सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही, पण चार दिवसांनी तुम्ही आमच्या क्वार्टरवर आलात. आई स्टोव्हपुढून उठते, तुमची नजर भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीकडे जाते, आणि तांब्या हातात घेऊन आई जराशी थबकते. मग विचारते, "बाई, पानी घेता काय?" तुम्ही म्हणता, "द्या ना, उन्हातून आलेय." पेला पूर्ण रिकामा केलात आणि आणखी मागितलंत. निघताना दारात मला म्हणालात, "आईशी अबोला धरायला मी कधी शिकवलं रे? तिच्याशी पानीच म्हण. माझ्यापुढे पाणी. दोन्ही आलं पाहिजे." दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर अर्धा तास मला थांबवून घेतलंत. ळ म्हणताना जीभ कुठे वळते ते स्वतः तोंड उघडून दाखवलंत. त्या अर्ध्या तासातच मला कविता आवडायला लागल्या.

आता गंमत बघा. बायकोच्या कागदावर पहिल्या दिवशी ज्या शब्दांवर खुणा होत्या ते शब्द: पाणी, वाळू, वळण. ण आणि ळ गाडीने गिळले होते. मी मनात म्हटलं, आपली गाडीच वऱ्हाडी निघाली. मग मी हट्टाला पेटलो. दुकानदाराने अर्थिंगची वायर रंगावरच स्क्रूने आवळली होती, म्हणून स्पीकरमध्ये सतत घूं घूं. तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर वायर आवळली, घूं घूं थांबली. दारांना नवं रबर लावलं. डॅशबोर्डच्या फटीत जुन्या सतरंजीच्या पट्ट्या ठोकल्या. मायक्रोफोन दारापासून काढून डोक्यावरच्या उन्हाच्या झडपेला लावला, तोंडापासून वीतभर, आणि वाऱ्यासाठी त्याला स्पंजची टोपी घातली. स्पीकर पायापाशी होता, तो डोक्यामागे आणला. खुणा रोज कमी होत गेल्या. शुक्रवारी एकटं वळण उरलं. शनिवारी कागद कोरा. बायको म्हणाली, "आता हे गाडीतून काढून घरात बसवा. घरातलंही कळेल मला."

रविवारी तिला शेजारी बसवून मी गाडी बाहेर काढली. कात्रजच्या दिशेने निघालो आणि फोन आला. मी हात न लावता बोललो. मुलगी म्हणाली, "कविता म्हणा." मी दोन कडवी म्हटली. "पुढची मी म्हणते," ती म्हणाली. "मी एक ओळ, तुम्ही त्याच्या पुढची." लहानपणी मीच शिकवलेली कविता ती, आणि ओळीआड ओळ म्हणायचा खेळही आमचा तेव्हापासूनचा. तिने ओळ म्हटली, मी पुढची म्हटली. असं शेवटपर्यंत गेलो, एकदाही अडखळलो नाही. मग ती आणखी काहीतरी म्हणाली, मी "हो, हो" म्हटलं, ती हसली आणि फोन ठेवला. बायको खिडकीबाहेर बघत होती.

संध्याकाळी लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "स्पीकर चांगला लागलाय हं. मला शब्द न् शब्द ऐकू आला."

"मग? सांगत होतो ना."

"शेवटी तिने काय विचारलं, ते तुम्हाला कळलं का?"

मी तिच्या पुढ्यातली एक पाकळी उचलून सोलायला लागलो.

"तिने विचारलं, 'बाबा, खरंच ऐकू येतंय, की पाठ आहे म्हणून म्हणताय?' तुम्ही म्हणालात, 'हो, हो.'"

बाई, मुलीचं बोलणं मी सवयीने ताडलं होतं, आणि तिच्या ओळींची मला फक्त चाल ऐकू येत होती. आवाज कुठे चढतो, कुठे पडतो, तेवढ्यावरून मी पुढची ओळ लावत होतो. काल सकाळी पुन्हा गाडीत जाऊन बसलो, इंजिन बंद ठेवून. बायकोने स्वयंपाकघरातून फोनवर पेपरातली एक बातमी वाचली. गाडी बंद, आवार शांत, स्पीकर डोक्यामागे. मला नुसता सूर ऐकू आला. पाच दिवस मी गाडीचे आवाज बंद करत होतो. उतारावर त्या मुलीच्या स्कूटरमागे मी फोन कानाशी दाबून का बसलो होतो, ते मला काल कळलं.

गुरुवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं आहे, वेळ घेतली आहे. तोवर गाडी जागची हलणार नाही. नर्सरीत तसं कळवलं. कानाला यंत्र लावायला सांगितलं तर लावणार, आणि मग मुलीला पुन्हा परीक्षा घ्यायला सांगणार, मला पाठ नसलेल्या मजकुराची. गाडी मी सोडलेली नाही. पण आज संध्याकाळी किल्ली तिच्याकडे नेऊन द्यायची आहे, स्वतःच्या हाताने, आणि तिने विचारण्याआधी एक वाक्य बोलायचं आहे. ते सकाळपासून जमत नव्हतं. तुम्हाला लिहायला बसलो ते त्यासाठीच, कोणाला तरी आधी सांगून बघावं म्हणून. वाक्य असं आहे: मला ऐकू येत नाही. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा त्यात एक 'जरा' होतं. ते मी खोडलं आहे.