उघडी रेघ

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

नवी नोकरी, नवं टेबल, नवी वही. टेबल खिडकीशेजारी मिळालं, म्हणजे नशीब अगदीच पाठ फिरवून बसलेलं नाही. वहीच्या पहिल्या पानावर नावासाठी जागा आहे, ती रिकामीच ठेवली. आपलीच वही आपल्याला ओळखेल.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुने प्रबंध आणि पुस्तिका स्कॅन करून संगणकावर चढवतात. प्रत्येकाची नोंद भरायची, म्हणजे शीर्षक, लेखक, साल, विषय, हे माझं काम. याला मेटाडेटा म्हणतात. बाबा म्हणाले, म्हणजे चिठ्ठ्या चिकटवायच्या, त्याला एवढं मोठं नाव कशाला. मग स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

घरात आम्ही दोघंच. आई सहा वर्षांपूर्वी गेली, दादा संसार घेऊन दूर आहे. बाबा ब्याऐंशीचे, गुडघे सोडले तर ठणठणीत. गांडुळांवरचा त्यांचा प्रबंध याच ग्रंथालयात धूळ खात पडलाय. त्याची नोंद नीट करायची, या अटीवर मला सकाळी निरोप मिळाला. ‘ठेंगू, आडनाव आधी, मग नाव,’ असं जिन्यापर्यंत बजावत होते. लहानपणापासून मी त्यांची ठेंगूच. जसं काही मला एवढंही ठाऊक नाही.

मुख्य ग्रंथपाल म्हणजे मॅडम. त्यांनी काम समजावलं. प्रत्येक लेखकाची स्वतंत्र नोंद असते. नावापुढे जन्मसाल, आणि सालापुढे आडवी रेघ. माणूस हयात असेतोवर रेघ उघडी ठेवायची. गेला की पुढे मृत्यूचं साल घालून ती बंद करायची. मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे कुणी मरत नाही, रेघ बंद होते. मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

बुधवार, १३ ऑगस्ट

नव्याची नवलाई आठ दिवसांत संपली. चार हजार लेखक, आणि त्यातले निम्मे दोनदा शिरलेले. कुणी आद्याक्षर लावलं, कुणी पूर्ण नाव लिहिलं, की सिस्टीमच्या लेखी माणसं दोन झाली. अशी जुळी शोधायची आणि एकत्र करायची. दिवसाला साठ व्हायला हवीत. डोळे चुरचुरतात, मान आखडते, घरी गेल्यावर बाबांची औषधं आणि भांडी. बाबांशी बोलायचंही त्राण उरत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

पलीकडच्या खोलीत स्कॅनिंगचे काका बसतात. खांद्यावर पिवळं फडकं. त्यांच्या ट्रेमध्ये जे ठेवाल ते स्कॅन होतं. कुणी ठेवलं, का ठेवलं, हे काका विचारत नाहीत. विचारत बसलो तर निवृत्तीनंतरही इथेच बसावं लागेल, असं म्हणतात.

बुधवार, २० ऑगस्ट

आज बाबांची पाळी आली. यादीत त्यांचं नाव दोनदा. एकाखाली गांडुळांचा प्रबंध, दुसऱ्याखाली शेतातल्या पाण्याचा निचरा कसा करावा यावरची एक पुस्तिका. जन्मसाल दोन्हीकडे १९४३, पुढे रेघ. बाबांनी मातीशी संबंधित काय काय लिहिलंय याचा हिशोब त्यांनाही नसेल. पुस्तिका उघडून पाहायला हवी होती. पण पावणेपाच झाले होते, अठ्ठावन्न झाल्या होत्या, दोन बाकी होत्या. बटण दाबलं. बाबा एक झाले.

घरी येऊन सांगितलं, तुमचं काम फत्ते. ते खिडकीतून बाहेर बघत होते. निचऱ्याचं पुस्तक मिळालं का, असं त्यांनी विचारलं. मिळालं म्हटलं, आणि भांडी घासायला गेले.

गुरुवार, २१ ऑगस्ट

सकाळी चहा दिला. कप घेताना बाबा म्हणाले, ‘तुम्ही कशाला त्रास घेतलात?’

मला वाटलं थट्टा. पण त्यांनी कप अवघडून धरला होता, पाहुण्यांच्या घरी धरतात तसा. दिवसभर ‘अहो’ आणि ‘तुम्ही’. मला माझ्या घरी कधी सोडणार, असंही दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं की होतं असं. असेल. पण काल सकाळपर्यंत नव्हतं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

नोंद पुन्हा उघडली. यादीतला सालाचा रकाना अरुंद आहे. जन्मसाल आणि रेघ एवढंच मावतं, पुढचं कापलं जातं. दुसऱ्या नोंदीची रेघ बंद होती. १९४३–१९८६. तो निचरेवाला वेगळा माणूस होता. नाव तेच, साल तेच, आणि मेलेला. एकत्र करताना सिस्टीम जास्त भरलेलं साल ठेवते. म्हणून आता माझ्या बाबांपुढे १९८६ आहे.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, बसा, पाणी घ्या, अशा चुका सगळ्यांकडून होतात. एकत्र केलेली नोंद फोडायची तर पुरावा हवा. १९८६ नंतर हा माणूस हयात होता हे सांगणारा एखादा तारखेचा कागद आणा. मी म्हटलं, ते आत्ता घरी खुर्चीत बसलेत. त्या म्हणाल्या, खुर्ची स्कॅन होत नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट

खुर्ची रिकामी आहे. काल दुपारी होते. चष्मा नाही, काठी नाही, औषधांचा डबा नाही. शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, इथे म्हातारे गृहस्थ कधी राहतच नव्हते.

दादाला फोन केला. म्हटलं, दादा, बाबा हरवलेत.

‘बाबांना जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली. मी सहा वर्षांचा होतो. आपण कोण बोलताय?’

आपण. मला. लहानपणी माझ्या वेण्या ओढणारा माझा दादा मला आपण म्हणाला.

माझा जन्म १९८९चा. बाबा १९८६ला गेले असतील, तर मी –

मंगळवार, २६ ऑगस्ट

कागद शोधतेय. बाबांचं पेन्शनचं पुस्तक – पानं कोरी. माझा जन्मदाखला – वडिलांचं नाव, रिकामं. आईचं आहे. दुपारी पुन्हा काढला तेव्हा माझंही नव्हतं. समुद्रावरच्या फोटोत आई एकटीच, हात बाजूला धरलेला, कुणाचं तरी बोट पकडल्यासारखा.

फार थकलेय. रडायचंही त्राण नाही.

दोन नोंदी बाकी होत्या. साठऐवजी अठ्ठावन्न झाल्या असत्या तर काय बिघडलं असतं –

बुधवार, २७ ऑगस्ट

पासवर्ड चालत नाही. मॅडमच्या दारात उभी राहिले. त्या फोनवर सांगत होत्या, खिडकीजवळचं टेबल महिनाभर रिकामं आहे, कुणीतरी लवकर पाठवा.

काकांना हाक मारली. त्यांनी मान वर केली, दाराकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली.

माझं नाव आठवत नाही. पहिलं पान उघडलं. रिकामं. ‘ठेंगू’ तेवढं आठवतं, पण ते काही नाव –

एक गोष्ट मात्र पुसली गेलेली नाही. ही वही. चहाचा कप, जिना, खोकला, सगळं आहे. तारखा आहेत. यापेक्षा पुरावा काय असतो?

काकांच्या ट्रेमध्ये ठेवतेय. ते विचारणार नाहीत.

माझ्या खुर्चीत जे कोणी याल त्यांना – ही नोंद तुमच्याकडे येईल. लेखकाच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहा. चालतं तसं. मीही कितीदा लिहिलंय, विचारही न करता. माझ्यासाठी थांबू नका. पण माणसं दोन आहेत, कृपा करून वेगळी करा. निचरेवाले गेले. गांडुळवाले ४ ऑगस्टला जिन्यापर्यंत आले होते, हसत होते, पहिलं पान वाचा. त्यांच्या सालापुढे काही लिहू नका. आडनाव आधी, मग नाव, मग

१९४३–