आत्या असा रकाना नाही

ती. आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून. तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा खोकला थांबला का? नसेल तर त्यांना गरम पाणी दे आणि हे पत्र त्यांच्यासमोर वाचू नकोस.

आमच्या आकडेवारीच्या कचेरीत मागच्या वर्षी मी शिलाईयंत्रं मोजत होतो, हे तुला माहीत आहेच. सुखाचं काम होतं ते. यंत्र ठेवलं तिथेच असतं आणि एक यंत्र म्हणजे एकच यंत्र. यंदा साहेबांनी चार पानी फॉर्म हातात ठेवला आणि म्हणाले, प्रवासधंद्याची मिळकत मोजायची. पॅकेज टूर विकून कमिशन किती सुटतं ते काढा. मी हो म्हणालो. (मी कशालाही आधी हो म्हणतो आणि मग विचार करतो. लग्नातही हेच झालं, असं तुझी सूनबाई म्हणते.)

पहिलंच नाव निघालं ते चष्म्याच्या दुकानावरच्या टूरवाल्याचं. भिंतीवर परदेशांची म्हणून लावलेली चार घड्याळं, चारही बंद. पण वेगवेगळ्या वेळी बंद पडल्यामुळे खरी वाटतात. माणूस सज्जन. त्याने खुर्ची पुसून दिली आणि समजावलं, की गिऱ्हाइकाने शंभर दिले तर नव्वद हॉटेल, बस, जेवण यांत जातात; दहा त्याचे. आता फॉर्मात 'विक्री' आहे आणि 'मिळकत'ही आहे. मी एकीकडे शंभर लिहिले, दुसरीकडे दहा लिहिले, आणि मग त्याने सांगितलं, की त्या दहातलेही तीन, गट जमवून आणणाऱ्याला द्यावे लागतात, वर त्याची सीट फुकट. ते तीनही मी लिहिले. खाली बेरीज केली, ती आली एकशे तेरा. गिऱ्हाइकाने शंभरच दिले होते, मग हे वरचे तेरा आले कुठून, याचा विचार करत आम्ही दोघं बराच वेळ त्या घड्याळांकडे बघत बसलो.

शेवटी पुरावा म्हणून त्याने वही उघडली आणि 'गट आणणारी व्यक्ती' या मथळ्याखाली बोट ठेवलं. आत्या, तिथे तुझी सही होती. तळ्याची सहल, बावीस माणसं. डोंगराची सहल, एकोणीस. बेटाची सहल, सव्वीस (त्यात दोन अर्धी तिकिटं). सहा वर्षं! आणि त्या सहलींना येणारे आम्ही सगळे म्हणत होतो, आत्या बिचारी सगळ्यांसाठी किती धावपळ करते. टूरवाला तर तुझ्यावर खूश. म्हणाला, "अशी बाई धंद्यात दुसरी नाही. भाव करताना मला रडवतात, आणि जाताना माझीच छत्री घेऊन जातात. त्यांचा एक भाचा आहे म्हणे, तो पावतीसुद्धा वाचत नाही." मी म्हणालो, असतात असे लोक. आणि फॉर्मवर सही जरा गिचमिड केली.

खरं सांगू? पैशाचं मला काही वाटलं नाही. पण घाटात बस वळली की मला मळमळायचं, तेव्हा तू मागच्या सीटवरून उठून माझ्या पाठीवरून हात फिरवत बसायचीस. तो हात आत्येचा होता की गट आणणाऱ्या व्यक्तीचा, हे मला जिना उतरेपर्यंत ठरवता येईना. खाली चष्मेवाल्याने विचारलं, डोळ्यांना पाणी येतं का? मी हो म्हणालो. त्याने नंबर तपासला. नंबर निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं, की एक बाई प्रवासही करते आणि कमिशनही घेते, तर ती प्रवासी की धंदेवाली? साहेब म्हणाले, "तुमची कोण?" मी म्हटलं, आत्या. साहेबांनी चारही पानं उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "आत्या असा रकाना नाही. सोमवारपर्यंत ठरवा." तेव्हा तूच काय ते कळव. तू म्हणशील ते लिहीन, पण खरं तेच म्हण.

घरी येऊन सगळं तुझ्या सूनबाईला सांगितलं. मला वाटलं, ती भडकेल. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. एकाच टॉवेलची तिने चार वेळा घडी घातली. बाकी भेटीत बोलू.

तुझा,
गोंधळलेला भाचा

ता. क. सूनबाईने वरचं पत्र वाचलं. बेटाच्या सहलीला तिच्या दोन मावश्या आणि मावसभावाचं कुटुंब तिने आणलं होतं, त्याचा तिचा एक टक्का तुझ्याकडून अजून यायचा आहे, असं ती लिहायला सांगते. म्हणजे त्या बसमध्ये पूर्ण पैसे भरून बसलेला मी एकटाच होतो की ड्रायव्हरही होता, एवढं कळव.

ता. क. दुसरा. साहेबांनी आज हळूच विचारलं, की ती तुमची आत्या पुढच्या महिन्यात कुठे नेते आहे का? घरची पाच माणसं आहेत, सासूबाई धरून सहा. मी हो म्हणालो. तर सहा माणसांवर मला काय सुटेल ते उलट टपाली लिही. फक्त टक्क्यांत लिहू नकोस. ते मला अजून कळत नाहीत.